ओसाड कुणाला म्हणता?

पुण्याहून लेहला गाडीनं जायचं तर एका बाजूचं अंतर अडीच हजार किलोमीटरच्या आसपास पडतं. जाऊन-येऊन पाच हजार. दोन आठवड्यांची रजा, गाडीची सर्व्हिसिंग, पंक्चरचं किट, उंचीवर त्रास होऊ नये म्हणून गोळ्या आणि परत आल्यावर सहा महिने पुरेल एवढं फुटेज. माझ्या टीममधल्या अकरा जणांपैकी सहा जण हे करून आलेत. एकानं तर दोनदा केलंय. ते गेले याचा मला राग नाही. परत आल्यावर ते जे बोलतात त्याचा आहे. "काय सांगू तुला, झाड नाही, झुडूप नाही, नुसता दगड आणि वर आभाळ. असलं काही आपल्याकडे बघायलाच मिळत नाही."

आपल्याकडे म्हणजे नक्की कुठे?

कारण आपल्याकडे असलं बरंच काही आहे. पुण्याहून निघालं की चार तासांत पोचता येतं. फक्त तिथे गेल्यावर आपण त्याला 'रॉ ब्यूटी' म्हणत नाही, दुष्काळी पट्टा म्हणतो. खिडकीची काच वर करतो, एसी वाढवतो आणि पंढरपूर किंवा सोलापूर कधी येतंय ते मॅपवर बघतो. तोच उघडा डोंगर लडाखमध्ये असला की ध्यानस्थ, आणि दहिवडीजवळ असला की बोडका. तीच शांतता तिकडे 'मेडिटेटिव्ह' आणि इकडे भकास.

माझं म्हणणं असं की हा नुसता आवडीनिवडीचा प्रश्न नाही. आपण कशाला बघण्यासारखं म्हणतो आणि कशाला ओसाड म्हणतो यावर पुढे त्या जमिनीचं काय होतं हे ठरतं. आणि ते ठरवण्यात, रविवारी गाडी काढून फिरणाऱ्या आपल्यासारख्यांचा हात आपल्याला वाटतो त्यापेक्षा मोठा आहे.

एका जिल्ह्यातले दोन देश

आधी थोडं भूगोलाचं बोलू. दहावीनंतर आपण तो सोडून दिलेला असतो.

लडाख कोरडं का आहे? हिमालयाच्या भिंतीमागे आहे म्हणून. पावसाळी वारे दक्षिणेकडून येतात, डोंगर चढताना थंड होतात, पाणी अलीकडेच टाकून देतात आणि पलीकडे उतरतात तेव्हा त्यांच्यात देण्यासारखं काही उरलेलं नसतं. लेहला वर्षाला सगळा पाऊस आणि बर्फ मिळून शंभर मिलिमीटरच्या आसपास. याला पर्जन्यछाया म्हणतात.

आता सातारा जिल्हा घ्या. पश्चिमेला महाबळेश्वर, उंची साधारण १,३५० मीटर, वर्षाचा पाऊस साडेपाच-सहा हजार मिलिमीटर. तिथून वीस किलोमीटरच्या आत पाचगणी, तिथे पाऊस एकदम तिसऱ्या हिश्श्यावर येतो. आणखी पूर्वेला जात राहा. महाबळेश्वरपासून सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आसपास दहिवडी लागते, माण तालुक्याचं ठिकाण. तिथे पाऊस वर्षाला पाचशेच्या आसपास, आणि तोही येईल तेव्हा खरा.

हे आकडे नुसते वाचून कळत नाहीत, म्हणून एक दिवस सांगते. २३ जुलै २०२१ला सकाळी संपलेल्या चोवीस तासांत महाबळेश्वरला ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. म्हणजे माण तालुक्यात अख्ख्या वर्षात सरासरी जेवढा पडतो त्याहून जास्त पाऊस, एका दिवसात, त्याच जिल्ह्यात. त्याच पावसात घाटाखाली महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीच्या वर माणसं गेली. आंबेनळी घाटाचा रस्ता जागोजागी वाहून गेला.

दोन्हीकडची माणसं एकाच कलेक्टर ऑफिसात अर्ज करतात. एकाला दरडीची भरपाई हवी असते आणि दुसऱ्याला टँकर.

एवढ्या कमी अंतरात एवढा फरक दाखवणारा रस्ता आपल्या दारात असताना आपण अडीच हजार किलोमीटरवर जाऊन पर्जन्यछाया बघतो. तिथे खारदुंगलाच्या पाटीखाली फोटो काढतो. त्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. मोजमाप केल्यावर खिंडीची उंची साडेसतरा हजारांच्या थोडी वर भरली. फोटो मात्र जुन्या आकड्यासकट अजून फिरतात. आपल्याला पाटी पुरते, डोंगर कितीही असला तरी चालतो.

दोनशे किलोमीटर

तर हा रस्ता. पोलादपूरहून सकाळी लवकर निघायचं. आंबेनळी घाट चढायला लागला की दोन्ही बाजूंनी जंगल अंगावर येतं. वर महाबळेश्वरला जांभूळ, अंजनी, हिरडा, खोडांवर शेवाळ, आणि पायाखाली जांभा. जांभा इथे डोंगराच्या माथ्यावर टोपीसारखा बसलेला आहे. त्याच्याखाली बेसॉल्टचे थर, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे.

पाचगणी ओलांडून पसरणीचा घाट उतरताना कान देऊन ऐकावं. हवेचा आवाज बदलतो. झाडं बुटकी होतात, अंतर ठेवून उभी राहतात. वाईला कृष्णेच्या काठानं हळद आणि ऊस. साताऱ्याहून पूर्वेला वळलं की कोरेगाव, तिथला वाघ्या घेवडा. मग वर्धनगडाची खिंड. शिवकाळातला हा किल्ला रस्त्याला खेटून उभा आहे. ही खिंड ओलांडली की पलीकडे दुसरंच राज्य सुरू होतं.

पुसेगाव, दहिवडी, गोंदवले, म्हसवड. जमीन एकदम मोकळी होते. डोंगर आहेत, पण ते महादेवाच्या डोंगररांगेचे: सपाट माथ्याचे, उघडे, थर मोजता येतील असे. बाभूळ, बोर, हिवर, तरवड. माळावर कुसळी आणि पवन्या गवत. सप्टेंबरात हिरवं, दिवाळीत सोनेरी, फेब्रुवारीत पांढुरकं, एप्रिलमध्ये फक्त मुरूम. रंग बदलण्याचा हा वेग घाटमाथ्यावर नाही. तिथे हिरव्याचा पोपटी होतो आणि परत हिरवा.

पोलादपूर ते म्हसवड जेमतेम दोनशे किलोमीटर. एका दिवसात होतात. या दोनशे किलोमीटरमध्ये भात संपून ज्वारी सुरू होते, कौलं संपून धाब्याची घरं दिसायला लागतात, म्हशी संपून मेंढ्या येतात, बोलीतला हेल बदलतो, भाकरीची जाडी बदलते. रोड ट्रिपनं द्यायचं ते असं काही असतं अशी माझी समजूत आहे. तुमची वेगळी असेल तर मला ती ऐकायला आवडेल, पण त्यात पाटीखालचा फोटो नको.

'रिकामं' हा शब्द कुठून आला

आता मुद्द्यावर येते.

इंग्रजांच्या महसूल खात्याला जमीन दोनच प्रकारची कळायची: सारा देणारी आणि न देणारी. न देणारीला ते 'वेस्ट' म्हणायचे. शेळ्या-मेंढ्या चरत असतील, सरपण मिळत असेल, औषधाचा पाला मिळत असेल, पण खजिन्यात काही येत नसेल तर ती वाया गेलेली. आपल्या सातबाऱ्यावर आजही 'पोटखराबा' हा रकाना आहे. शब्द नीट वाचा. नांगर न चालणारा तुकडा म्हणजे शेताच्या पोटातला खराबा.

इंग्रज गेले, शब्द राहिला. भारत सरकार 'वेस्टलँड्स ॲटलास' काढतं. त्याची २०१९ची आवृत्ती म्हणते की देशात ५ कोटी ५७ लाख हेक्टर पडीक जमीन आहे, म्हणजे देशाच्या क्षेत्रफळाच्या जवळपास १७ टक्के. या पडीकमध्ये काय काय येतं? वाळू आणि नुसता खडक येतो, ठीक आहे. पण झुडपी माळ येतो. चराऊ कुरणं येतात. म्हणजे माण, खटाव, आटपाडी, सांगोला, जत, इंदापूर, कर्जत या तालुक्यांत जे दिसतं त्यातलं बरंचसं या यादीत बसू शकतं.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट पहिल्या वर्षी शिकवतात. डेटाबेसमध्ये एखाद्या खान्यात 'नल' असेल तर त्याचा अर्थ शून्य होत नाही. त्याचा अर्थ 'माहिती नाही' असा होतो. नलला शून्य समजून बेरीज केली तर रिपोर्ट चुकतो आणि शुक्रवारी रात्री घरी जायला उशीर होतो. माळरानांच्या बाबतीत देशानं दीडशे वर्षं तेच केलंय. तिथे काय आहे ते मोजलं नाही, म्हणून तिथे काही नाही असं लिहून टाकलं.

काय आहे तिथे? लांडगा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेच्या संशोधकांच्या अंदाजानुसार देशात लांडगे साधारण ३,१०० उरलेत. २०२२च्या गणनेत वाघांची सरासरी संख्या ३,६८२ आली. म्हणजे ज्या प्राण्यासाठी आपण ताडोब्याच्या जीपला हजारो रुपये देतो त्याहून हा कमी आहे. आणि त्याचं घर राखीव जंगलात नाही, गावच्या माळावर आहे. चिंकारा आहे, त्यासाठी सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. काळवीट आहे, त्यासाठी कर्जतजवळ रेहेकुरी, सव्वादोन चौरस किलोमीटरच्या आत. धाविक आहे, चंडोल आहे, खोकड आहे. मायणी-येरळवाडीच्या तलावांवर हिवाळ्यात रोहित उतरतात. माळढोकासाठी नान्नजचं अभयारण्य झालं, आणि आज तिथे माळढोक दिसणं ही पेपरात छापून येण्याची गोष्ट आहे.

वनखात्यानंसुद्धा वर्षानुवर्षं माळाकडे 'झाडं नसलेलं जंगल' म्हणूनच पाहिलं. मग गवत उकरून खड्डे घेतले आणि गिरिपुष्प, निलगिरी लावली. झाडं लावणं हे पुण्यकर्म, त्यामुळे विरोध कोण करणार? कंपन्यांचे सीएसआरवाले टी-शर्ट घालून येतात, रोपासोबत फोटो काढतात. गवताला मुळात झाड नको असतं, त्याला ऊन हवं असतं, हे सांगणारा माणूस त्या फोटोत नसतो.

सगळ्यात जुनी रोड ट्रिप

तुम्ही-मी 'सिनिक रूट' शोधायच्या कितीतरी पिढ्या आधीपासून या रस्त्यानं लोक जातायत. दसरा-दिवाळी उरकली की माण, खटाव, फलटण, बारामतीकडचे मेंढपाळ धनगर मेंढरं घेऊन पश्चिमेला निघतात. घाट उतरून कोकणात जातात. तिथे भात निघालेल्या खाचरांत मेंढ्या बसवतात. शेताला खत मिळतं, मालकाकडून धान्य किंवा पैसे मिळतात. पावसाळा तोंडावर आला की परत फिरतात, कारण कोकणातला पाऊस मेंढीला सोसत नाही. त्या मुक्कामाला वाडा म्हणतात. घोड्यावर बिऱ्हाड, कोकरं पाटीत, पुढे माणसं, मागे कुत्री.

पर्जन्यछायेचा उपयोग यांनी जसा केला तसा आजवर कुणी केलेला नाही. दोन्हीकडे एकच ऋतू नसतो, हे ओळखून त्यांनी आयुष्य बेतलं. घाटात हा कळप आडवा आला की आपण हॉर्न वाजवतो. मग थोड्या वेळानं खाली उतरून त्याचाच व्हिडिओ काढतो, खाली लोकसंगीताचा तुकडा लावतो.

मराठी साहित्याला हा माळ नवा नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ साली पुस्तकरूपात आली. धनगरांची वाडी, तिथे आलेला कोवळा मास्तर, आणि शेवटी दुष्काळ. त्याच्या आधी 'माणदेशी माणसं' आलं होतं. सत्तर वर्षांपूर्वी एका माणसानं इथल्या उन्हाकडे, दगडाकडे, मेंढीकडे एवढ्या बारकाईनं बघून ठेवलं. आपण ते शाळेत धड्यापुरतं वाचलं, स्वाध्याय सोडवला आणि माणदेश म्हणजे गरिबी एवढंच लक्षात ठेवलं.

माझ्या गावचा माळ

मी खटावच्या पूर्वेकडची. वडील नोकरीसाठी पुण्यात आले, मी तिथेच शिकले, इंजिनिअर झाले. २०१२-१३च्या दुष्काळात मी शाळेत होते. सुट्टीत गावी गेले तेव्हा आमची दोन जनावरं चारा छावणीत होती आणि आजोबा त्यांच्यासोबत तिथेच झोपायचे. त्यामुळे दुष्काळ सुंदर असतो असं मला कुणी सांगायला येऊ नये. मीही ते सांगत नाहीये. इथल्या माणसाला पाणी हवं आणि ते त्यानं मागितलंच पाहिजे. जिहे-कठापूर, उरमोडी, टेंभू या योजनांचं पाणी जिथे पोचलं तिथे डाळिंब आलं, ऊस आला, स्थळं यायला लागली. २०१८ साली वॉटर कपचं पहिलं बक्षीस माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं घेतलं, ते उन्हात चर खणून. म्हसवडला १९९७ साली बायकांची सहकारी बँक उभी राहिली. ही रडत बसणारी माणसं नव्हेत.

पण पाणी हवं असणं वेगळं आणि माळ नको असणं वेगळं.

आमच्या गावाला गायरान आहे. ओढ्यापासून टेकाडापर्यंत. चार पिढ्या तिथे गावची शेरडं-मेंढरं चरतात. ज्यांच्याकडे शेती नाही, किंवा आहे ती अर्ध्या एकराची, त्यांचं घर या गायरानावर चालतं. दोनेक वर्षांपूर्वी तिथे सौर प्रकल्पासाठी मोजणी झाली. दिवसा शेतीला वीज मिळावी म्हणून राज्य सरकारनं योजना काढली आहे, त्यात सबस्टेशनजवळच्या सरकारी जागा भाड्यानं द्यायच्या, त्यात गायरानंही येतात. योजनेचा हेतू चांगला आहे. रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जाणारा माझा चुलता आहे, त्याला दिवसा वीज मिळालीच पाहिजे.

मला खटकलं ते मोजणीला आलेल्या माणसाचं बोलणं. टॅबवर नकाशा दाखवत तो म्हणाला, "ही सगळी जागा रिकामीच आहे." माझी चुलती पंधरा शेळ्या राखते. ती तिथेच उभी होती. म्हणाली, "रिकामी हाय म्हनं. मग आमची शेरडं इतकी वर्सं काय वारा खात व्हती?"

तो कसनुसं हसला. त्याचा दोष नाही. त्याच्या नकाशावर ती जागा खरोखरच फिकट पिवळी होती.

प्रकल्प अजून अडकलेला आहे. कदाचित होईल, कदाचित अर्ध्या जागेवर होईल. मला एवढंच दिसतं की महाबळेश्वरच्या एखाद्या पॉइंटवर अशी मोजणी सुरू झाली असती तर पुण्या-मुंबईहून सह्यांच्या मोहिमा निघाल्या असत्या. मी आणि माझ्या मित्रमैत्रिणींनी त्या फॉरवर्ड केल्या असत्या. माळासाठी कुणी सही करत नाही, कारण माळावर कुणाचा हनिमून झालेला नाही.

आणि लडाखला जाऊन 'हीलिंग' करून आलेल्यांसाठी सांगते, शब्द तिथेही हाच आहे. चांगथांगमध्ये पांगच्या बाजूला १३ गिगावॉटचा अक्षय ऊर्जेचा प्रकल्प ठरलेला आहे. ती जागा चांगपा मेंढपाळांची कुरणं आहे. पश्मिना लोकर ज्या शेळ्यांची, त्या तिथे चरतात. २०२४च्या मार्चमध्ये सोनम वांगचुक एकवीस दिवस उपोषणाला बसले तेव्हा कुरणं जाण्याचा प्रश्नही त्यांनी मांडला होता. तुम्ही ज्या मोकळेपणाचा फोटो काढला तो कुणाच्या तरी जनावरांचा चारा होता. तुम्हाला तिथे एक झाडही दिसलं नाही, तेवढ्यावर ती जागा कुणाचीच नाही असं वाटलं. माझ्या गावच्या मोजणीवाल्यालाही तसंच वाटलं.

मग सगळ्यांनी माणला यायचं का?

हा आक्षेप मला माहीत आहे, आणि तो खरा आहे. आपण जिथे जातो तिथली वाट लावतो. कासचं पठार घ्या. २०१२ साली पश्चिम घाटातल्या काही जागा जागतिक वारशाच्या यादीत आल्या, त्यात कास होतं. त्यानंतर तिथे तिकीट आलं, ऑनलाइन बुकिंग आलं, दिवसाला किती माणसं सोडायची हे ठरवावं लागलं. वायतुरा ही छोटी पांढरी-जांभळट फुलांची वनस्पती सातारा परिसरातल्या पठारांवर वाढते, आणि तिच्या डबक्यात पाय देऊन लोक सेल्फी काढतात. ताम्हिणी, माळशेजला पावसाळ्यात प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. मग माळ तरी आपल्या हातून कसा वाचणार? काही जण आत्ताच गाड्या घेऊन लांडग्यांच्या मागे माळावर घुसतात, पिल्लांच्या बिळापर्यंत जातात.

यावर "जाऊच नका" हे उत्तर मला पटत नाही. ज्याला कुणी बघत नाही ते गुपचूप विकलं जातं. पुणे-सोलापूर आणि पुणे-सातारा रस्त्यांच्या आत जरा वळून बघा: 'निसर्गाच्या सान्निध्यात फार्महाऊस प्लॉट' अशा पाट्यांखाली माळाचे चौकोन पाडलेले दिसतील. तिथे कुणी गर्दी केली नव्हती, तरी तो माळ गेला. उलट कडबनवाडी आणि शिर्सुफळला वनखात्यानं माळाची सफारी सुरू केली, ठरलेल्या वाटेनं, गावातल्या पोरांना गाईड करून. तिथे गवत हे बघण्यासारखं असतं एवढी गोष्ट तरी सरकारी कागदावर आली. हे पुरेसं नाही, पण 'पोटखराबा'पेक्षा बरं आहे.

तेव्हा या, पण लडाखला जाता तसे येऊ नका. गाडी डांबर सोडून माळावर घालू नका. गवतात चाकाची एक ओळ उमटली की पुढचे दहा जण त्याच ओळीनं येतात आणि मग तो रस्ता होतो. लांडगा दिसला तर फोन बाहेर काढा हवं तर, पण लोकेशन टाकू नका. ड्रोन घरी ठेवा, मेंढरं बुजतात. एप्रिल-मेमध्ये येणार असाल तर पाण्याचे कॅन पुण्यातून भरून आणा, गावच्या टँकरवर वाटेकरी होऊ नका. जेवण मात्र बरोबर आणू नका. दहिवडीत, म्हसवडात, गोंदवल्यात खा, पैसे तिथे खर्च करा. कळप आडवा आला तर इंजिन बंद करा. तीन-चार मिनिटं जातील, तेवढ्या वेळात मेंढ्या मोजून बघा. आणि घाटापासून सुरुवात करा. महाबळेश्वर न बघता माण बघितलं तर नुसतं कोरडं दिसतं. दोन्ही एका दिवसात बघितलं की आधीचा पाऊस कुठे अडला हे कळतं, आणि मग कोरडेपणात कुणाचा आळस दिसत नाही, भूगोल दिसतो. "तिकडचे लोक कष्ट करत नाहीत" हे वाक्य मी पुण्यातल्या सुशिक्षित घरांत ऐकलेलं आहे. ते बोलणाऱ्याला एकदा या रस्त्यानं फिरवून आणावं.

शेवटचं, आणि हे विशेष करून माझ्यासारख्यांना, ज्यांचं एक गाव अजून शिल्लक आहे. आपल्या रोड ट्रिपा ठरतात त्या २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या सुट्ट्या वीकेंडला जोडून. महाराष्ट्रातल्या बहुतेक गावांत ग्रामसभाही याच तारखांच्या आसपास होतात. गायरानाचं काय करायचं, कुठल्या ठरावाला हो म्हणायचं, हे त्या सभेत पुढे येतं, आणि तिथे कोरमपुरती माणसं जमायची मारामार असते. तुमचं नाव अजून गावच्या मतदारयादीत असेल तर तुम्ही त्या सभेचे सदस्य आहात. नसेल तर किमान गावच्या गायरानाचा गट नंबर शोधा. महाभूलेखवर सातबारा मोफत दिसतो, दोन मिनिटांचं काम आहे. त्यावर काय लिहिलंय ते वाचा आणि मग प्रत्यक्ष जाऊन त्यावर काय चरतंय ते बघा.

पुढच्या १५ ऑगस्टला लेहचा प्लॅन करणारा ग्रुप आमच्या ऑफिसात पुन्हा तयार झालाय. मी त्यात नाही. माझी एक सीट रिकामी आहे, खटावपर्यंत. कुणाला यायचं असेल तर सांगा, सकाळी सहाला निघायचं आहे. सभा अकराला असते.